बुचाची किल्ली

तुमच्याही घरात असेल एक डबा, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा. टाकवत नाहीत. उद्या एखादं कुलूप निघालं तर, म्हणून ठेवलेल्या असतात. किश्श्यांचंही तसंच. भजनाला पेटीवाल्या बाई येईपर्यंत आमच्या मंडळातल्या बायका म्हणतात, "काकू, ते बोटींचं सांगा ना." मी सांगते. दर वेळी वाटतं, झाला डबा रिकामा, आणि तळाशी अजून एक खुळखुळते.

आमचे हे खडकवासल्याच्या पाण्यावरच्या एका छोट्या बोट क्लबचे मॅनेजर होते. चार मोटारबोटी, एक लाकडी धक्का, पत्र्याची शेड. शेडमधून एकदा किल्ल्या चोरीला गेल्या. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी ह्यांच्या स्कूटरवरून नारायण पेठेत आमच्या घरी मुक्कामाला यायला लागल्या. देवघराशेजारी फळी, फळीला चार आकडे. सकाळी देवांना हळदकुंकू वाहताना माझं बोट आपसूक किल्ल्यांकडे वळायचं.

"अगं, बोटी आहेत त्या, सवाष्णी नाहीत," हे म्हणायचे.

*

किल्ली न्यायची तर माझा एक नियम होता. नेणाऱ्याने "येतो" म्हणायचं, घरातल्या कुणीतरी "या" म्हणायचं, मगच किल्ली सुटायची. उंबऱ्यातून निघताना "जातो" कोण म्हणतं? आणि पाण्यावर निघालेल्या माणसाने तर नाहीच.

तेव्हा हिंजवडीत नव्यानव्या सॉफ्टवेअर कंपन्या आल्या होत्या. त्यांच्या पिकनिक बोटिंगला यायच्या. एकदा हे एक किल्ली घरीच विसरून गेले, तर वाटेवरच आहे म्हणून त्यांचा टीम लीडर न्यायला आला. गळ्यात ऑफिसचं कार्ड. "ओके आंटी, बाय," म्हणाला. मी किल्ली सोडेना. तो ओढतोय, मी धरून आहे.

आतून माझी धाकटी जाऊ मीरा म्हणाली, "अहो, पासवर्ड राहिला तुमचा."

मुलगा हसला, "येतो" म्हणाला. मी "या" म्हटलं.

त्या दुपारी त्यांचं इंजिन मधोमध बंद पडलं. वारा धरणाच्या भिंतीकडे होता. तरी बोट आपली आपण वळली आणि वाऱ्याच्या उलट, सावकाश धक्क्याला लागली. संध्याकाळी किल्ली परत द्यायला तोच मुलगा आला. चहाला थांबला नाही. दारातच हळू आवाजात विचारलं, "आंटी, सकाळी तुम्ही 'या' म्हणालात, ते मला म्हणालात की बोटीला?"

*

मीराचे यजमान म्हणजे माझे दीर, विनूभाऊजी. क्लबची इंजिनं तेच बघायचे. हौशी मेंबर किल्ली पाण्यात पाडायचे आणि दर वेळी इंजिनाला नवं कुलूप बसवायची वेळ यायची. म्हणून भाऊजींनी प्रत्येक किल्लीला बाटलीचं बूच ओवलं आणि आमच्या न्हाणीघरातल्या बादलीत परीक्षा घेतली.

"बघा वहिनी, बुचाची किल्ली बुडत नाही."

"आणि माणसाला बूच कधी लावणार?" मीराने विचारलं.

"माणसाला कशाला? त्याला घरची वाट माहीत असते."

पुढच्याच आठवड्यात एका मेंबरने भर पाण्यात किल्ली पाडली. शोधशोध झाली, मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर धक्क्याच्या पायरीवर टकटक, टकटक. बूच लाकडावर आपटत होतं, दार वाजवावं तसं. भाऊजी वाकून म्हणाले, "आलात का बाईसाहेब?" सगळे हसले. हसता हसता एकाच्या लक्षात आलं, की पाण्यावर एकही लाट नव्हती.

*

श्रावणातली ढगाळ दुपार. चौथ्या बोटीचं इंजिन अडखळत होतं, म्हणून भाऊजी जेवून किल्ली घेऊन निघाले. "येतो," म्हणाले. मीराने दारात उभं राहून "या" म्हटलं. नीट, मोठ्याने म्हटलं. मी ऐकलंय.

संध्याकाळी बोट पलीकडच्या काठाला मिळाली. आत भाऊजींच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या. किल्ली कुलपात नव्हती. पाणबुडे उतरले, पोलीस आले. भाऊजी सापडले नाहीत.

सगळे म्हणाले, मनाची तयारी ठेव. मीराने एकच विचारलं, "बूच वर आलं का?"

"नाही."

"मग ते पाण्यात नाहीत. किल्ली त्यांच्या हातात आहे."

तिने कुंकू लावणं सोडलं नाही, मी सोळा सोमवार धरले. रोज संध्याकाळी हे आले की मीरा विचारायची, "बूच?" हे म्हणायचे, "नाही." आमच्या घरात तो "नाही" म्हणजे शुभवर्तमान होतं.

*

क्लबच्या कमिटीला चौथ्या बोटीची डुप्लिकेट किल्ली हवी होती. आमच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याकडे हे गेले. तो मान वर न करता म्हणाला, "मूळ किल्ली आणा. ती नसेल तर कुलूप आणा. दोन्ही नसतील तर देऊळ पुढच्या चौकात आहे."

ह्यांनी बोटीचं कुलूप उतरवून आणलं. त्याने किल्ली घडवली. दुकानात फिरली, लोण्यासारखी. बोटीत बसवल्यावर फिरेना. परत दुकानात आणली, फिरली. परत बोटीत, फिरेना. शेवटी तो स्वतःच खडकवासल्याला गेला. बोटीत बसला, किल्ली घातली, आणि लगेच हात काढून घेतला.

"कुलपात दोष नाही," तो म्हणाला. "पलीकडून कोणीतरी धरलंय."

*

लोडशेडिंगची दुपार. क्लबला सुट्टी, पंखा बंद, पानही हलत नव्हतं. फळीवरच्या तिन्ही किल्ल्या स्तब्ध आणि चौथा, रिकामा आकडा तेवढा हलत होता. किल्ली नुकतीच कुणी उचलावी, तसा.

मी रामरक्षा म्हणायला लागले. मीरा उठली, आकड्याला बोट लावलं आणि म्हणाली, "अहो, जरा दमानं."

आकडा थांबला.

*

अशी दोन वर्षं गेली. कमिटीने ठरवलं, दसरा झाला की चौथी बोट विकायची. चुलतसासरे येऊन म्हणाले, "दसरा होऊ दे, मग विधीही उरकून टाकू. किती दिवस असं राहायचं?" रात्री भांडी आवरताना मीरा एवढंच म्हणाली, "वहिनी, बोट गेली तर ते येतील कशाने?"

खंडेनवमीला आम्ही नेहमीसारख्या किल्ल्या पूजेत मांडल्या. जे हजर नसतं त्याच्या जागी सुपारी मांडतात. मी चौथ्या जागी सुपारी ठेवली आणि सगळ्यांवर झेंडूची फुलं वाहिली. पूजेतली वस्तू उत्तरपूजेपर्यंत उचलायची नाही, त्यामुळे त्या दिवशी बोटी बंद.

दसऱ्याच्या दुपारी हे गिऱ्हाइकाला बोट दाखवायला गेले होते. घरात आम्ही दोघीच, दाराला आतून कडी. मीरा पुऱ्या तळत होती. मी उत्तरपूजेला बसले. अक्षता वाहिल्या, "पुनरागमनाय च" म्हटलं, पाट जरासा हलवला. मग एकेक फूल बाजूला करत किल्ल्या उचलल्या. पहिली. दुसरी. तिसरी.

चौथ्या फुलाखाली सुपारी नव्हती. किल्ली होती. भाऊजींनी ओवलेल्या बुचासकट.

मी म्हटलं, "मीरा, चौथी."

कढईतली पुरी तशीच राहिली. मीरा वळली नाही. पाठमोरीच विचारलं, "ओली आहे का?"

मी मूठ मिटली. मग उघडली.

"कोरडी आहे," मी म्हटलं. "गरम आहे गं. आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखी."

मीराने गॅस बंद केला. पदराला हात पुसले, कपाळावरचं कुंकू बोटाने सारखं केलं. दारापाशी गेली, कडी काढली, दार सताड उघडलं आणि रिकाम्या जिन्याकडे बघत म्हणाली,

"या."