होती म्हणू नका

सेलूच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आमच्या चौदा वर्षांच्या मांजरीला तपासलं आणि म्हणाले, "किडन्या गेल्यात. मनाची तयारी ठेवा."

त्या दिवसापासून घरात तयारीच सुरू झाली. शेजारच्या काकू तिला बघायला आल्या. मांजर समोर उन्हात बसलेली, तरी त्या म्हणाल्या, "लय गुणाची होती बिचारी."

"होती काय म्हणता काकू? हाय ना ती!" मी इतक्या जोरात बोलले की काकू चहा न घेताच गेल्या.

संध्याकाळी पाहते तर मांजरीची गोधडी जागेवर नाही. नवऱ्यानं ती धुऊन कपाटावर ठेवली होती. म्हणाला, "नंतर बघून तुला त्रास होईल, म्हणून आत्ताच उचलली."

"ती फरशीवर झोपायलीय, आन् तुमाला माझ्या त्रासाचं पडलंय?" मी स्टुलावर चढून गोधडी खाली काढली, अंथरली आणि शेजारीच बसले.

मांजर हळूहळू माझ्या मांडीकडं आली. मी पाय आवरून घेतले. आठवडाभर मी हेच करत होते. मांडीची सवय मोडली, तर पुढं जड जाणार नाही, असं मीच ठरवलं होतं. ते ध्यानात आलं आणि दोघांवर काढलेला सगळा संताप माझ्यावरच उलटला. ती जिवंत असताना मीच तिला आधी सोडून दिलं होतं.

मी तिला उचलून मांडीवर घेतलं. ती आणखी अकरा दिवस जगली. शेवटची दुपार तिनं मांडीवरच काढली, आणि मी स्वयंपाकाला उठले नाही.