माठाचं बूड शाबूत होतं

मंडळी, एका हातानं लिहून राहिले, चुका सांभाळून घ्या.

माझं काम जुन्या खापरांचं. उत्खननात निघालेले तुकडे धुवायचे, नंबर टाकायचे, भांडं कसं फुटलं ते नोंदवायचं.

आज सकाळी चौबे कॉलोनीत आमच्या वरच्या मजल्यावर धाडकन आवाज झाला. धावत गेले. तिथली दीदी भिंतीशी बसलेली, कानामागून रक्त. नवरा म्हणाला, "मटका गिर गया हाथ से."

हातून पडलेला माठ आधी बुडाला फुटतो. याचं बूड शाबूत होतं. एका तुकड्याला दीदीचे केस चिकटलेले, आणि भिंतीवर डोक्याइतक्या उंचीवर पाणी उडालेलं.

मी तो तुकडा उचलला. "भैया, हा पडला नाही. तुम्ही फेकला."

त्यानं माझं मनगट पिरगाळलं. मी त्याच खापरानं त्याचा पंजा फाडला. हो, फाडला. तेव्हा सोडलं.

दवाखान्यात टाके पडताना दीदी कुजबुजली, "पडला असंच सांगजो. मले त्याच घरी राहाचं हाय."

सगळे तुकडे नंबर टाकून पिशवीत भरलेत. चिठ्ठीवर 'कसं फुटलं' हा रकाना कोरा आहे.

सांगा, तिचं लिहू की खापरांचं?