लोहाराने पुढे केलेलं पाणी

परवा उमरोळीच्या बाजारात तापलेलं लोखंड लाकडात शिरतानाचा जळका वास आला आणि माझा उजवा हात आपोआप मिटला.

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा घरामागचं गवत कापायला मी याच बाजारात कोयता घेतला होता. रुंद, टोकाला वाकलेलं पातं लोहारानेच काढून दिलं. मूठ मला निवडायची होती. त्याने पाण्याचं भांडं पुढे केलं.

"हात भिजवा, मंग मूठ धरून बघा."

"मी काय जेवायला बसलोय?" मी म्हणालो.

भाता ओढणारी त्याची बायको हसली. "सायबाला शोभेची मूठ हवी हाय. दे त्याला."

टोकाला गाठ असलेली खडबडीत मूठ सोडून मी गुळगुळीत, सरळ मूठ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर दव होतं. थोड्याच वेळात तळहात ओला झाला. माझी पत्नी सुधा मागे शेवग्याखाली बसून भारा बांधत होती. मी घाव घालायला कोयता मागे उगारला आणि हात एकदम रिकामा झाला. खट्ट आवाज आला. तो लाकडाचा की हाडाचा, कळेना. वळून बघायला मान तयार होईना.

"अहो," सुधा म्हणाली.

कोयता तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर खोडात रुतला होता.

त्या दुपारी मी लोहाराकडे परत गेलो. भांड्यात हात बुडवला आणि गाठीची मूठ धरून पाहिली. या वेळी त्याची बायको हसली नाही.