नऊ पाठी

माळ्यावर कांदे होते. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून मी नुसती बघत राहिले. ज्या जागी माझ्या नऊ पाठी एकीला एक टेकून ठेवलेल्या होत्या, तिथे झाडून लख्ख केलेल्या फळ्यांवर कांदे पसरले होते, एकमेकांना लागून सडू नयेत म्हणून नीट अंतर सोडून. तीन महिन्यांनी मी परदेशातून घरी आले होते. बॅग अजून ओट्यावरच होती आणि खाली चहाला उकळी आली होती. मला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात चढलो.

पाठी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. मी भोरमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. घर वेल्ह्याकडे, डोंगराच्या अंगाला. लग्न होऊन आले त्या वर्षी भातलावणीला मला बांधावर बसवलं होतं. बाईंना चिखल झेपायचा नाही, असं सगळ्यांचं एकमत होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. बांधावरून मला एकाही बाईचं तोंड दिसेना. दिसत होत्या त्या फक्त वाकलेल्या पाठी, एका रांगेत, हळूहळू मागे सरकणाऱ्या. त्या डोक्यातून जाईनात. पुढची सात वर्षं, सुट्टी मिळेल तशी, मी त्या बांधत गेले. आत कारवीच्या काठ्या, त्यावर भाताचा पेंढा, जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, आणि वरून शेणमातीचा हात. अगदी माणसाच्या मापाच्या. डोकं नाही, हात नाहीत, कमरेत वाकलेली पाठ तेवढी. नऊ झाल्या. प्रत्येक पाठ आमच्या शेतात राबलेल्या एका ठरावीक बाईची होती, पण कुठली कुणाची हे मी कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पुण्यात एका प्रदर्शनात ठेवल्या, तर लोक म्हणाले, वा, काय डोंगररांग उभी केलीय! कौतुक करणाऱ्याला दुरुस्त करण्याइतकी धिटाई माझ्यात तेव्हाही नव्हती.

नववी पाठ झाली आणि हात थांबला. एक नाही, दोन नाही, चार वर्षं. म्हणजे काम चालूच होतं. स्नेहसंमेलनाचे पडदे, फळ्यावरचे सुविचार, गणपतीची आरास, पाहुणे येणार असले की 'सुस्वागतम्'. कापूरहोळच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना पूर्वी वहीत काहीतरी काढायचे, तेही सुटलं. संध्याकाळी घरी आले की माळ्यावर चढायचे, पाठींकडे बघायचे आणि उतरायचे. आपल्यात जे काही होतं ते या नऊ जणींतच संपलं, अशी भीती मला वाटायची. ती मी नवऱ्याला बोलून दाखवली, तर तो म्हणाला, जरा झोप घे. कंपनीत शिफ्ट करणाऱ्या माणसाला सगळ्यावर झोप हाच उपाय सुचतो.

मग एका मैत्रिणीने पाठवलेला अर्ज मी भरला. कलाकारांनी फिनलंडमध्ये एका तळ्याकाठच्या गावात तीन महिने राहून आपलं काम करायचं, जेवणखाण आणि कामाला खोली तिथल्या संस्थेची. सोबत पाठींचे फोटो जोडले आणि विसरून गेले. निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत रंगपेट्या मोजत होते. पुन्हा मोजायला लागले, कारण आकडाच डोक्यातून गेला.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "परीक्षेच्या तोंडावर? आणि तिथे जाऊन नक्की करणार काय?"

"ते तिथे गेल्यावर कळेल," मी म्हटलं. बिनपगारी रजा देताना ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी घर सोडून बैरागी व्हायला निघाले होते.

घरी सासूबाईंनी, ज्यांना मी आत्या म्हणते, एकच प्रश्न विचारला. "कवळं कोन तोडायची मंग?"

आमच्याकडे भाताचं बी टाकण्याआधी ती जागा भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर कवळं म्हणजे झाडांच्या तोडून वाळवलेल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि पेंढा, वरून बारीक माती, आणि मग पेटवायचं. तण मरतं, रोप जोमाने येतं. दर वर्षी शिमग्याच्या आगेमागे रविवार धरून आत्या आणि मी रानात जातो. त्या कोयता चालवतात, मी भारे बांधून डोक्यावर आणते.

"एक वर्ष बघा ना कसंतरी," मी म्हटलं.

"बगू," आत्या म्हणाल्या. त्यापुढे विषय निघाला नाही.

फिनलंडमध्ये मला पहिला धक्का बसला तो खोलीचा. पांढऱ्या भिंती, मोठं टेबल, खिडकीबाहेर गोठलेलं पांढरं तळं. आणि कुणी काही विचारेना. भाजी काय करायची, वही कुठे आहे, बाई, निळा संपला, असलं काही नाही. जन्मभर मी कुरकुरत होते की मला वेळ मिळत नाही. आता वेळ समोर येऊन बसला तर मला त्याच्याशी काय बोलावं कळेना. पहिल्या आठवड्यात तिथे आलेल्या सगळ्या कलाकारांनी आपापलं काम पडद्यावर दाखवलं. मी पाठी दाखवल्या. एक वयस्क बाई फार प्रेमाने म्हणाली, तुमच्या गावचे डोंगर किती माणसांसारखे आहेत. मी हो म्हटलं. तोंडातून 'हो' निघालं आणि माझं मलाच कळेना, मी असं का केलं. विमानाने इतक्या लांब येऊन मी नऊ बायकांचे डोंगर करून टाकले होते.

तीन आठवडे काही झालं नाही. खिडकीशी बसायचे, चहा करायचे, परत बसायचे. रडूही आलं. मग तळ्याच्या कडेचं बर्फ पातळ झालं आणि गेल्या वर्षीचे बोरूचे वाळलेले दांडे त्यातून वर दिसायला लागले. काळ्या शाईने मी त्यातला एक काढला. एक रेघ. मग दुसरी. लांबच लांब कागदावर नुसत्या रेघा, बाकी सगळं कोरं. हात सुटला होता. दोन दिवस मला विश्वासच बसेना, सारखी परत जाऊन कागद बघत होते, रेघा आहेत ना म्हणून. आणि नवं मिळालं की माणसाला जुन्याची किळस येते तसं झालं. पाठी आठवल्या की वाटे, किती ते शेण, किती त्या चिंध्या, किती ते ओझं.

अशाच एका दुपारी आत्यांचा फोन आला. ब्रश माझ्या हातात होता आणि एक डोळा कागदावर. गाय व्याली, कुणाचं लग्न ठरलं, किकवीला ओळखीतलं कुणी गेलं, यंदा कवळं लई कमी पडली, असं त्या सांगत होत्या आणि मी हं हं करत होते.

"माळ्यावरचं तुजं ते हाय, ते लागनार हाय का तुला?"

"नाही आत्या. माझं काम झालंय त्याचं."

"बग हां. समदं?"

"सगळं," मी म्हटलं आणि पुढची रेघ ओढली. ती रेघ चांगली आली होती, हेही मला आठवतं.

म्हणून कांदे बघून मी खाली उतरले तेव्हा आत्यांना आश्चर्य वाटलं ते माझ्या चेहऱ्याचं.

"पाठी कुठं आहेत?"

"राबाला घातल्या की," चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या. "तूच म्हन्लीस न्हवं का, झालंय म्हून?"

मी काय काय बोलले ते लिहिणार नाही. सात वर्षं, असं काहीतरी दोनतीनदा ओरडले. आत्या गाळणं हातात धरून ऐकत राहिल्या. चूक माझीच होती हे मला बोलता बोलताच कळत होतं, त्यामुळे आवाज आणखी चढत गेला. त्यांच्या बाजूने बघितलं तर काय होतं? काठ्या, पेंढा, चिंध्या, शेण, माती. राबाला जे जे लागतं ते सगळं, थरावर थर, आयतं रचलेलं. आणि कवळं का कमी पडली होती? भारे वाहणारी बाई तळ्याकाठी बसून बोरू काढत होती.

आठ दिवस मी आत्यांशी बोलले नाही. ताट वाढायचे, समोर ठेवायचे आणि आत जायचे. नवरा मधल्या मधे हवापाण्यावर बोलायचा. मोबाईलमध्ये फोटो होते, पण फोटोत त्या खरोखर डोंगरच दिसत होत्या. तिकडून आणलेले कागद मी एका दुपारी जमिनीवर उलगडले. वाईट नव्हते. पण एखादी पाहुणी येऊन काढून गेल्यासारखे वाटले. मी ते गुंडाळून ठेवले आणि शाळा उघडल्यावर 'सुस्वागतम्' लिहायला घेतलं. हात छान चालला. त्याचाच मला राग आला.

लावणीच्या आधी राबातलं रोप उपटून त्याच्या जुड्या बांधाव्या लागतात. त्या रविवारी नवरा शिफ्टला होता, म्हणून आत्या आणि मीच गेलो. आता मला चिखल झेपतो. बराच वेळ दोघी उपटत होतो. तोवर बोलणं कामापुरतं सुरू झालं होतं, त्याहून जास्त नाही.

वरच्या कोपऱ्यात पोचल्यावर आत्या थांबल्या. "हे बग. तुज्या बायांच्या जागचं रोप. कसं आलंया."

"बायांच्या?"

"मंग काय म्हनू? बायाच हुत्या की त्या."

मी हातातली जुडी बांधावर ठेवली.

"पयली माजी," आत्या उपटता उपटता म्हणाल्या. "डावा खांदा खाली हाय न्हवं माजा, कोयता मारून मारून. दुसरी तुज्या आईची. ती एक वरीस आल्ती लावनीला, तिला कमरंत वाकाया येत न्हवतं, गुडघ्यात वाकायची. तिसरी खालच्या आळीची काकी, पोटुशी हुती तवाची."

त्या नऊच्या नऊ सांगत गेल्या. प्रत्येक बाई बरोबर होती. सहावीचं तर मलाच आठवेना की मणक्याला तो बाक मी का दिला होता. त्यांनी सांगितलं, ती बाई विहिरीत पडून वाचली होती, म्हणून. पुण्यात, फिनलंडमध्ये, पडद्यावर, कागदावर, जिथे म्हणून त्या पाठी गेल्या तिथे त्या डोंगर झाल्या, आणि माझ्याच घरात, चुलीपाशी, त्या ओळखणारं माणूस इतकी वर्षं बसलेलं होतं.

"कधी बोलला नाहीत ते?"

"तू इचारलंस कुठं?"

"मग जाळताना काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं की. न्हाई कसं वाटंल?" त्यांनी मुळांची माती पायावर आपटून झाडली. "पर तू म्हन्लीस तुजं झालंय. म्या दोनदा इचारलं. मंग पालथ्या घातल्या समद्या, एका वळीनं. वाकल्याली मानसं उतानी कशी घालायची? आन पयली माजीच पेटवली. म्हन्लं, कसं वाटतंय बगू तरी."

त्या हसल्या. मला हसता येईना आणि रडायची लाज वाटली. मी खाली वाकले आणि दिसेल ते रोप उपटू लागले, निम्मं मुळाशी तुटत होतं.

"तोडू नगं, उपट," आत्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, वर न बघता, "नव्या करशील तवा माजी जरा बारीक कर. म्या आता तेवढी ऱ्हायली न्हाई."

मी मान वर केली. त्या माझ्या पुढे हाताच्या अंतरावर वाकलेल्या होत्या. पाठीवर लुगडं भिजून चिकटलं होतं आणि खालचे मणके मोजता येत होते. डावा खांदा पार खाली गेला होता. त्या खरंच तेवढ्या राहिल्या नव्हत्या. माळ्यावरची पाठ मी रोज संध्याकाळी चढून बघत होते, आणि ही पाठ किती दिवसांत बघितली नव्हती ते मला सांगता येईना.