विलायतेच्या अर्जावरचे अंगठे

आमच्या महाडात त्या काळी सरकारकडे काही मागायचं असलं की माणूस आधी माझ्या मामाकडे यायचा. मामा कचेरीच्या आवारात झाडाखाली बसणारा अर्जनवीस. पुढ्यात उतरतं मेज, दौत, टाक, आणि शेजारी अंगठे उठवायची शाईची गादी. विहीर हवी असो, ओढ्यावरचा साकव वाहून गेलेला असो, अर्ज मामाच्याच हातचा. त्याचं एक ठाम मत होतं. एकट्या माणसाचा अर्ज साहेब बाजूला ठेवतो, गावाचा अर्ज उघडून वाचतो. म्हणून अर्जाखाली जागा असेल तितके अंगठे तो घ्यायचा, आणि जागा संपली की खळ लावून आणखी कागद जोडायचा. कचेरीची रीत अशी की ज्यानं अंगठा दिला त्यानं तारखेला हजर राहायचं. डोंगरवाडीतली माणसं भाकरी बांधून पोलादपुराहून चालत यायची आणि दिवसभर बसून राहायची. पुकारा झाला तर "व्हय, अंगठा माझाच" म्हणायचं, नाही झाला तर तसंच परत जायचं.

मी पोलादपूरच्या शाळामास्तरांची मुलगी. इंग्रजी शिकायला महाडला मामाकडे राहिले आणि मॅट्रिक झाल्यावर हट्टाने मुंबईला कॉलेजात गेले. तिथे रसायनशास्त्र घेतलं. वर्गात मी एकटीच मुलगी, त्यामुळे पहिलं वर्षभर मला नुसतं बघायलाच पोरं दाराशी जमायची. पुढे त्यांना कंटाळा आला आणि मला अभ्यास करता आला.

बी.एस्‌सी. झाल्यावर आमच्या प्रोफेसरांनी विचारलं, संशोधन कशावर करणार? ते पारशी गृहस्थ, बोलायला तिखट आणि मनाने लोणी. मी म्हटलं, हिरड्यावर. आमच्या पोलादपूरच्या डोंगरात हिरड्याची झाडं भरपूर. थंडीत वाडीवाडीतल्या बाया हिरडे गोळा करतात, वाळवतात, डोक्यावरून बाजारात आणतात. तिथून ते दासगावच्या बंदरातून मुंबईला आणि मुंबईहून विलायतेला जातात. तिथे त्याच्यात चामडं कमावतात. लहानपणापासून मी ती पोती जाताना बघत आले होते, आणि पुढे त्यांचं काय होतं हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्याची भारी रुखरुख होती.

झालं, दोन हिवाळे मी डोंगरात हिरडे वेचत हिंडले. या वाडीतला, त्या उतारावरचा, हिरवा, पिकलेला, असे निरनिराळे नमुने घेतले. बायांना आधी वाटलं, मास्तरांच्या पोरीला खूळ लागलं. मग त्या माझ्यासाठी वेगळ्या पुरचुंड्या बांधून ठेवू लागल्या. मी मुंबईला परतल्यावरही नमुने लागायचे, तेव्हा त्यांनीच तोड काढली. वाडीतले निम्मे बाप्ये मुंबईच्या गिरण्यांत. शिमगा करून ते परत निघाले की प्रत्येकाच्या ट्रंकेत एकेक पुरचुंडी. पाळी सुटल्यावर ते कॉलेजच्या फाटकाशी येऊन भय्याला सांगायचे, "हिरडंवाल्या बायला बलवा." अख्ख्या कॉलेजात माझं तेच नाव पडलं.

हिरड्याचा प्रबंध पुरा झाला आणि एक दिवस प्रोफेसरांनी मला बोलावून घेतलं. परदेशी संशोधनाला आणि शिक्षणाला जाण्यासाठी युनिव्हर्सिटी एक शिष्यवृत्ती देणार होती. बोटीचं भाडं, दोन वर्षांचा खर्च, सगळं. विलायतेतल्या ज्या प्रयोगशाळेत चामड्याचं शास्त्र चालायचं तिथे प्रोफेसर स्वतः लिहिणार होते. "जागा एक आहे आणि अर्ज पुष्कळ येणार," ते म्हणाले. "तू केला नाहीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मी धावतच होस्टेलवर गेले. इतका आनंद मला झाला होता की जिन्यात एका परक्या बाईला मिठी मारली.

अर्जासोबत उमेदवाराच्या गावच्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांचे चांगल्या वर्तणुकीचे दाखले हवे होते. मी सुट्टीत महाडला आले आणि मामाला ते सांगितलं. घरात चामड्याचं नाव निघताच काही नातेवाइकांनी नाकं मुरडली. पायांत वहाणा घालूनच ते आले होते आणि घालूनच गेले. वडील मात्र म्हणाले, "जा. मी पोलादपुराच्या पलीकडे शिकवू शकलो नाही, तू पुढचं शीक." मामाची अडचण निराळीच होती.

"दोन?" तो ओरडलाच. "अगं, दोघांच्या सहीवर कधी विहीर मिळाली नाही, विलायत मिळेल का?"

"मामा, दोनच मागितलेत."

"मागणारा नेहमी कमीच मागतो. तू शिकलीस, पण अर्जातलं तुला काय कळतं?"

बाजाराच्या दिवशी तो शाईची गादी घेऊन पोलादपूरला गेला. वकिलांची आणि डॉक्टरांची सही वर घेतलेली होती, तेवढा माझा मान राखला. खाली मात्र अंगठेच अंगठे. हिरडे विकायला आलेल्या बाया, बैल घेऊन आलेले बाप्ये, बिरवाडीचा एक कासार, ज्याने मला जन्मात पाहिलं नव्हतं. खळ लावून लावून तो दाखला एवढा लांबला की गुंडाळी करून न्यावा लागला. मुंबईत मी तो प्रोफेसरांपुढे उलगडला तेव्हा टेबल पुरेना. ते चष्मा काढून हसले, मग डोळे पुसून म्हणाले, "असाच पाठव. कापायचा नाही."

मुलाखतीचं बोलावणं आलं तसं मी घरी कळवलं. तिथे मामाने काय केलं याची मला कल्पना नव्हती. त्याच्या मते सगळं साधं होतं. अंगठे दिलेत, तारीख लागलीय, तर हजर राहायला हवं. डोंगरातल्यांना मुंबईला येणं जमणार नव्हतं, पण त्यांचे मुलगे, नवरे, भाऊ मुंबईतच होते. त्यांना त्याने घरोघरच्या वतीने कार्डं लिहिली, की मास्तरांच्या मुलीची तारीख आहे, आपल्या घरचा अंगठा आहे, हजर राहावे.

मुलाखतीला मी नऊवारी नेसून गेले होते. आत एक गोरे साहेब अध्यक्ष आणि दोघे आपले गृहस्थ. शास्त्राचे प्रश्न आले तेव्हा माझी गाडी सुसाट सुटली. हिरडा म्हटल्यावर मला कोण थांबवणार? साहेब मान डोलवत होते. मग आपल्यांपैकी एक वयस्क गृहस्थ पुढे झुकले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, उलट काळजीचाच होता.

"बाई, तुमची हुशारी दिसतेच आहे. पण अविवाहित मुलगी, परका मुलूख, दोन वर्षं. उद्या काही बरंवाईट झालं, किंवा तुम्ही तिकडेच राहिलात, तर लोक युनिव्हर्सिटीला विचारतील. तुमची जबाबदारी कोण घेणार?"

या प्रश्नाची तयारी मी केलीच नव्हती. मुलांना हा प्रश्न विचारला नसणार, हे मनात आलं आणि राग आला, पण राग म्हणजे उत्तर नव्हे. शिष्यवृत्ती हातची चालली हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात शिपाई आत आला.

"साहेब, भाईर माणसं आलीत. लई हायत, जिना भरलाय. म्हणतात आमची तारीख हाय."

"कोण माणसं?" साहेबांनी विचारलं.

मी उठून दारातून पाहिलं. जिन्यावर ओळीने सगळे पोलादपूरचे. धुतलेली धोतरं, कोट, डोक्याला मुंडासी नाहीतर टोप्या, काहींच्या केसांत अजून गिरणीतला कापूस. माझ्या पुरचुंड्या आणणारे तर होतेच, पण न पाहिलेलेही कितीतरी होते. मला हसू आवरेना. मी त्या वयस्क गृहस्थांकडे वळून म्हटलं, "साहेब, आपण विचारलंत ना, जबाबदारी कोण घेणार? ते आलेत."

एकाला आत बोलावलं. तो उंचापुरा विणकर, रात्रपाळी करून थेट आलेला. आत येताच त्याने हात जोडले आणि कुणी न सांगता शपथ घेतली, "देवाशप्पत खरं सांगन." वयस्क गृहस्थांनी मराठीतून विचारलं, "ही मुलगी एकटी विलायतेला जाणार, हे तुम्हाला पसंत आहे का?"

"एकटी कशी जी? आमचा हिरडा वरसावरसाला जातोय की. त्याच्याच मागनं जायाची."

"आणि परत आली नाही तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. असला प्रश्न शहाण्या माणसाने का विचारावा, हे त्याला कळेना.

"साहेब, आमी मुंबयला किती वरसं हाव, पर शिमग्याला कोण हितं ऱ्हातो का? खाडा झाला तरी चालंल, पर पालखीला गावातच. ही तर आमच्यापेक्षा शिकल्याली. हिला घरची वाट ठावं नसंल व्हय?"

दुसऱ्या गृहस्थांनी त्याचं इंग्रजी करून साहेबांना सांगितलं. साहेब इतके हसले की खुर्ची मागे सरकली. वयस्क गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी माझ्या दाखल्याची गुंडाळी जवळ ओढली आणि ती उलगडत, एकेका अंगठ्यावरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेले. मग मला बाहेर थांबायला सांगितलं.

मी जिन्यावर त्यांच्यातच बसले. कुणी विडी पेटवू की नको याचा विचार करत होतं, कुणी भिंतीवरच्या तसबिरीतला साहेब आतल्या साहेबाचा बाप का, असं विचारत होतं. थोड्या वेळाने वयस्क गृहस्थ स्वतः बाहेर आले. सगळे उठून उभे राहिले. "मिळाली," ते मला म्हणाले, आणि मग जिन्याकडे बघून मोठ्याने, "तुमच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली हो!" मी त्यांच्या पाया पडले. जिन्यावर एकच गलका झाला, शिपाई धावत आला आणि तोही त्यांच्यातला झाला. मला इतका आनंद पुन्हा कधी झाला असेल तर मला आठवत नाही.

सगळे पांगू लागले. प्रत्येकजण मला काही ना काही सांगत होता, तिकडे थंडी असते, मीठ घेऊन जा, गावाला कार्ड टाक. शेवटी एक तरुण राहिला. मी त्याला ओळखत नव्हते. तो त्या दिवसाची पाळी सोडून आला होता. जरा अवघडून त्याने विचारलं, "बाय, येक इचारू? तुला धरलं व्हतं कशापायी?"

"धरलं?"

"कार्डात तारीख व्हती. मला वाटलं, तुझ्यावर कसलं बालंट आलंय."

मी त्याला सांगितलं की कुणी धरलं नव्हतं, मला शिकायला पाठवतायत. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"असं व्हय," तो म्हणाला. "मी आपला जामीन ऱ्हायला आलो व्हतो."