झाकणाच्या आतलं अक्षर

साईनाथने दोन चुका केल्या आणि दोन्ही स्वतःच्या हुशारीच्या जोरावर केल्या. वाघोलीच्या फ्लॅटमधलं पाणी शुद्ध करायचं मशीन भाड्याचं असताना त्याने ते घरचं म्हणून सांगितलं, ही पहिली. कंपनीकडे नोंदवलेली तक्रार रद्द करायला तो विसरला, ही दुसरी.

मशीन बंद पडलं तेव्हा ॲपने आठ दिवसांनंतरची तारीख दिली. करमाळ्याहून गुडघे दाखवायला आलेल्या त्याच्या आईने, तुळजाबाईंनी, टँकरच्या पाण्याचा ग्लास उजेडात धरला आणि विचारलं, "हा चहा करून ठेवलाय का पाणीच हाय?" साईनाथने मशीन चादरीत बांधलं, बसमध्ये मांडीवर घेतलं आणि कसबा पेठेत सत्यशीलाबाईंच्या दुकानात आणून उतरवलं.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उंच माणूस आत आला की डोकं आपटतं, म्हणून नमस्कार-चमत्कार बाहेरूनच होतात. वरच्या मजल्यावर बाई आणि त्यांची सून शालू राहतात. बाईंनी एका रेडिओच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कॉइली गुंडाळल्या. कारखाना बंद झाला तेव्हा साहेबांना निरोपाचे हार मिळाले आणि बाईंना स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच. हार टिकले नाहीत.

तिथली एक सवय मात्र टिकली. कारखान्यात प्रत्येक रेडिओच्या पाठीवर आतून तपासणाऱ्याचं नाव लिहावं लागे. बाई अजूनही कुठलंही यंत्र उघडलं की झाकणाच्या आत मार्करने लिहितात: तारीख, काय बिघडलं, काय केलं, मालक कोण आणि खाली स्वतःचं नाव. पेठेतल्या काही मिक्सरांची झाकणं त्यामुळे दवाखान्याच्या फायलींसारखी भरली आहेत.

"वस्तू कुणाची?" मशीनला हात लावण्याआधी बाईंनी विचारलं.

"घरचीच, ताई."

"नक्की? हल्ली लोक गादीसुद्धा भाड्याने आणतात."

"नक्की."

पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कॉइल जळाली होती. तसली दुकानात नव्हती. आईच्या ग्लासाची गोष्ट ऐकून बाई जिना चढून गेल्या, घरच्या जुन्या फिल्टरची कॉइल काढून आणली आणि कानशीने घासून बसती केली. "ही उसनी बरं का. अशीच आणून द्यायची, दोन खाचांची. तोवर आम्ही पाणी उकळून पिऊ."

साईनाथने मान डोलावली. मान डोलावण्यात तो वाकबगार आहे.

आठव्या दिवशी कंपनीचा माणूस खरोखरच आला. मशीन नीट चालतंय, हेच त्याला खटकलं. त्याने झाकण काढलं, तर आत वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'कॉइल जळाली, बदलली. मालक साईनाथ शेवाळे. दुरुस्ती सत्यशीला ओव्हाळ, कसबा पेठ.' त्याने फोटो काढला, दुसरं मशीन लावलं आणि हे उचलून नेलं.

यात बाईंचं काय अडकलं होतं, ते साईनाथला नंतर कळलं. पेठांमधल्या भाड्याच्या मशीनांची देखभाल त्याच कंपनीने बाईंना द्यायचं ठरवलं होतं. दर महिन्याला ठरलेलं काम, शिवाय दुकानावर कंपनीची पाटी. बाईंची नजर अधू होत चाललेली, बारीक सोल्डरिंग करताना हात चुकायचा. कंपनीच्या कामात सोल्डरिंग नव्हतंच. बिघडलेला भाग काढायचा, नवा लावायचा, जुना फेकायचा. करारावर गुरुवारी सही व्हायची होती. बुधवारी कंपनीचा विश्वजीत ते झाकण पिशवीत घालून आणि साईनाथला बरोबर घेऊन दुकानात आला.

विश्वजीत माणूस वाईट नव्हता. "ताई, फोटो वरपर्यंत गेलाय. न विचारता कंपनीचं मशीन उघडणाऱ्याला काम देत नाहीत. हे अक्षर तुमचं नाही, एवढं लिहून द्या. कुणीतरी तुमचं नाव वापरलं म्हणू. उद्या सही करून टाकू."

"मीच लिहिलं म्हणून सांगतो ना," साईनाथ घाईने म्हणाला.

"तुझं अक्षर एवढं चांगलं आहे?" बाईंनी चष्मा लावून झाकण न्याहाळलं. "अक्षर माझंच आहे. पण यात एक चूक राहिलीय." त्यांनी मार्कर घेतला, साईनाथचं नाव खोडलं आणि वर कंपनीचं लिहिलं. "मालक चुकला होता."

"ताई, अशाने काम जाईल."

"जाईल. पण हे माझं नाही म्हटलं, तर पेठेतली बाकीची झाकणं कुणाची म्हणायची?"

विश्वजीतने झाकण पिशवीत ठेवलं.

"माझी कॉइल?" बाईंनी विचारलं.

"ती मशीनमध्ये आहे ना, ताई. मशीनमधलं सगळं कंपनीचं."

"वा. म्हणजे मीच कंपनीला फुकट दिली."

गुरुवारी सही झाली नाही. बाईंनी तो दिवस शेजाऱ्यांच्या इस्त्रीच्या दुरुस्तीत घालवला आणि तिच्या झाकणात तसं लिहून ठेवलं.

साईनाथने आजवर तीन कॉइली आणल्या. पहिलीला खाच एकच, दुसरीला तीन. तिसरीच्या खाचा बरोबर, पण ती जाड निघाली. दुकानदार म्हणतात, ते मॉडेल केव्हाच बंद झालं, त्यापेक्षा भाड्याने नवं मशीन घ्या. बाई प्रत्येक कॉइल बोटांत फिरवून बघतात, त्याच्या हातात परत ठेवतात आणि जिन्यातून वर हाक मारतात, "शालू, पाणी ठेव गं उकळायला."