अप्पांची कराचीतली खोली

वसईकरांनो, कराचीहून लिहितेय. रस्ते रुंद आहेत आणि माणसं इतकी मोकळी असतील असं वाटलं नव्हतं.

आज आम्ही घरचे सहा जण माझ्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या, फाळणीआधीच्या घरी पोहोचलो. जन्म झाला ती आतली खोली त्यांना एकदा पाहायची होती. तिथल्या बाईंनी हसत आत घेतलं. अप्पांनी वसईच्या सुकेळ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला.

नणंद सुरूच झाली, "ही आपली खिडकी! हे आपलं स्वयंपाकघर!"

'आपलं' बाईंना कळलं. चेहरा उतरला. "घर वापस लेने आए हैं?"

"नहीं बेटी, मेहमान हैं," म्हणत अप्पा बाहेर पायरीवर जाऊन बसले. चहाही तिथंच घेतला. बाईंनी दोनदा बोलावलं, तरी उठले नाहीत.

त्यांच्या जागी मी असते, तर खोली पाहून आले असते. तुम्ही?